येल्त्येचं घर

हार्लिंगनमध्ये कुणी पडदे ओढत नाही.
रात्री आठला समुद्राकडच्या गल्लीतून चालत गेलं
की घरोघरी दिवा, दिव्याखाली वाटाण्याचं सूप,
सुपाभोवती माणसं, उघडीच.
एखाद्याने पडदा लावलाच
तर सकाळी शेजारी विचारतात, बरं आहे ना सगळं?

येल्त्ये आली ती माझ्या दाराकडे तोंड करून बसली.
बासष्ट वर्षांची. जहाजांना रंग द्यायची,
नखांत अजून निळा.
म्हणाली, मी कुणाला दिसता कामा नये.
का, ते मी विचारलं नाही.

पहिला आराखडा नुसत्या भिंतींचा.
उजेड फक्त छतातून, विहिरीत पडावा तसा.
तिने कागद उलटसुलट करून पाहिला:
"आणि कोण येतंय ते मला कसं कळायचं?"

मग मोजायला बसलो.
खुर्चीत बसल्यावर तिचे डोळे एकशे बारा सेंटीमीटरवर.
रस्त्यावरून जाणाऱ्या उंच माणसाचे पावणेदोनशे.
जोतं ऐंशीने उचललं,
खिडकीची कड तिच्या छातीपाशी आणली.
अंगणभर खडी, पाऊल चोरता येऊ नये अशी.
न्हाणीघरातला दिवा इतका सरकवला
की सावली काचेपर्यंत पोचूच नये.

हे तपासायला तीन रात्री
मी त्या अर्धवट घरासमोर उभा,
टाचा उंचावून, मान ताणून.
आत माझीच मदतनीस फिरत होती, हात वर करत, वाकत.
तिसऱ्या रात्री समोरचे होइटिंगा कुत्रं घेऊन बाहेर आले.
काय पाहताय?
काही दिसत नाही ना, ते पाहतोय, म्हटलं.
ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. कुत्रंही.

किल्ल्या दिल्या त्या दिवशी तिने नकाशे मागितले. सगळे.
उशी कुठल्या भिंतीला, कपडे कुठे बदलते,
पलंगापासून मागचं दार किती पावलांवर.
गुंडाळी काखेत धरून म्हणाली,
"आणि तुझ्या डोक्यातले?"
मी हसलो. ती हसली नाही.

एक प्रत नगरपालिकेच्या कपाटात असते, कायद्याने.
आठवडाभराने ते सांगायला गेलो.
वारा होता. खडी बोलली.
बेलकडे हात गेलाही नव्हता,
वरून आवाज आला:
"वळणावर थांबला होतास ना,
तिथपासून बघतेय."