रांग सात, जागा एक्केचाळीस

आधी दोनच ठिपके होते, हिरवे,
पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात.
मला वाटलं, खेळातलंच गवत असेल.

मग जांभळे चौकोन आले,
गवंड्याने दिवस मावळायच्या आत
फरशा उरकाव्यात तसे, घाईने, वाकडे,
आणि पडदा काळा.
पंखे मात्र जोरात,
पाहुणे गेल्यावरही बोलत राहणाऱ्या यजमानासारखे.

हा संगणक मी स्वतः जोडलाय.
डबा मामाच्या बंद पडलेल्या दुकानातला,
बोर्ड अल्माटीहून आलेला, एका कोपऱ्यात टवका उडालेला,
कार्ड एकिबास्तूझच्या दौलेतकडून, निम्म्या किमतीत.
"घरातच वापरलंय," तो म्हणाला होता,
"बहीण फोटो नीट करायची त्यावर."

पहिल्या दिवशी केबल बदलली.
दुसऱ्या दिवशी कार्ड उपसून काढलं,
त्याचे सोनेरी दात खोडरबराने घासले,
परत बसवलं, टक् असा आवाज येईपर्यंत.
ड्रायव्हर मुळापासून उपटले, जुने लावले.
तिसऱ्या दिवशी संशय पॉवर सप्लायवर.
वरच्या मजल्यावरच्या वित्या किमचा मागून आणला,
रात्रभर वायरी सोडवल्या, पुन्हा बांधल्या.
चौकोन हजर.
चोर सोडून संन्याशाला सुळी,
आणि संन्यासी अजून टेबलाखाली पडलाय,
वायरी पसरून.

सकाळी मात्र तेच यंत्र शहाणं.
म्हणून वहीत लिहायला लागलो:
सकाळी सात, बाहेर उणे एकोणतीस, खिडकी किलकिली: ठीक.
दुपारी दोन, रेडिएटर तापलेला: अकरा मिनिटं.
रात्री नऊ, आई मांती उकडत होती: चार.

बाबा आतल्या खोलीतून आले.
कारागांदाच्या कोळशात सत्तावीस वर्षं,
त्यातली एकोणीस हवेच्या पंख्यांवर.
पडद्याकडे त्यांनी बघितलंच नाही.
वाकले, डोळे मिटले.
"डावा पंखा उजव्यापेक्षा म्हातारा आहे.
कुणीतरी एकच बदललाय.
घरात फोटो बघायच्या यंत्राचा
कोण पंखा बदलतं, येर्नार?"

स्क्रू सहा. सहाव्याचं डोकं आधीच झिजलेलं.
आत पेस्ट वाळून खडू झालेली,
पॅडमधून पाझरलेलं तेल चिपांवर चकाकत होतं,
आणि पंख्यांच्या पाठीमागे, आतल्या बाजूला,
फिक्या मार्करने लिहिलेलं:
रांग ७, जागा ४१.

बहिणीचे फोटो!

कुठलीतरी पत्र्याची शेड.
तिथे रात्र नाही, दिवस नाही, दोन वर्षं, कदाचित तीन,
कुणाच्या तरी नाण्यांसाठी आकडे फोडत राहिलं हे,
चित्रं काढायला जन्मलेलं,
एकही चित्र न काढता.

बाबांनी तो आकडा दोनदा वाचला.
"माझा तेराशे आठ होता. पितळी,"
म्हणाले, आणि चहा मागितला.

दौलेतला लांबलचक शिवी टाइप केली, पुसली.
नवी पेस्ट लावली, नवे पॅड कापले, आईची शिवणाची कात्री वापरून
(हे तिला सांगितलेलं नाही).
मेमरीची तपासणी तासभर चालली.
सगळ्या चिपा खऱ्या, एक सोडून;
ती गरम झाली की खोटं बोलते.
वित्या म्हणाला, गरम हवेने उतरवू, दुसरी बसवू,
जमलं तर जमलं,
नाही तर कार्डही गेलं आणि दोस्तीही.
वसंतात बघू, म्हटलं.

तोवर वेग खाली आणतोय.
सतराशे: चौकोन. सोळाशे: चौकोन.
चौदाशे चाळीस: बराच वेळ काहीच नाही.

बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले,
पहिल्यांदाच पडद्याकडे तोंड करून.
घोडा माळावरून निघाला होता,
जरा अडखळत, पण निघाला होता.
"गवत इतकं हिरवं नसतं," ते म्हणाले.

मी जवळ जाऊन पाहिलं.
गवतच होतं.
बहुतेक.