कोणत्या सालची

मुकादमच्या गॅरेजात, मिऱ्याच्या वाटेवर,
उघड्या टपाच्या दोन गाड्या. एक नव्याण्णवची,
एक दोन हजार पाचची.
"पाचची घ्या," मुकादम म्हणाला, "टप बटणावर जातो,"
आणि पाठीवर खाली सरपटला.
पेचकसाने पत्रा ठोकत गेला:
टण्, टण्, टण्, भस्स.
वरून रंग कालचा. आत दर्याची खार
वर्षानुवर्षं जेवून गेलेली.

"नव्याण्णवची घाटावर होती, पत्रा खणखणीत.
पण टप कापडी, हाताने ओढायचा.
दोघं लागतात."

रिक्षात हेमलता, मांडीवर सौंदाळ्यांची पिशवी,
बर्फ पाझरतोय, चेहऱ्यावर नेहमीचं
'आटपा'.
मी काहीच विचारलं नव्हतं.
ती उतरली, पिशवी बॉनेटवर ठेवली,
कापडाचं दुसरं टोक धरलं.
टप कुरकुरत मागे गेला.
सीटखाली कुणाचा तरी केसांचा चाप.

"नव्याण्णव," ती म्हणाली, "तेव्हा मी गाडी शिकणार होते.
तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी."

मुकादमने उगाच पान्हा पुसायला घेतला.
मी पावसाळ्याचं काहीतरी बोललो,
चार महिने ठेवायची कुठे वगैरे.

तिने किल्ली मागितली.
माझ्याकडे नाही. त्याच्याकडे.