व्हर्नियर, परत करायच्या बोलीवर

पगार आडनावाच्या माणसाकडे
भांडवल मागायला निघालो होतो.
आयटीआय सिग्नलवर सोहेल एकदा हसला त्यावर,
मीही हसले,
मग सिग्नल सुटला.

स्कूटरवर मागे मी, मांडीत हेडसेट,
बहिणीच्या जुन्या ओढणीत गुंडाळलेला.
त्यात आमचं जग:
अडीच वर्षं, दोन लॅपटॉप,
सिडकोत झेरॉक्सच्या दुकानावरची खोली,
आणि सोहेलच्या लग्नासाठी बाजूला काढलेले
एक लाख ऐंशी हजार.

पुण्याच्या साहेबांनी विचारलं होतं,
नाशकात द्राक्षं सोडून काय पिकतं?
बंगळुरूच्या बाई स्क्रीनवर गोड हसून म्हणाल्या,
जरा लवकर आलात.
गंगापूर रोडचे सीए म्हणाले,
उशीर केलात, ती लाट गेली.
दोन्ही वाक्यं आम्ही भिंतीवर चिकटवली.
मधल्या जागेत कॅलेंडर होतं,
त्याची पानं आम्ही फाडत होतो.

सातपूरला पगारशेठची प्रेसशॉप.
पत्र्याच्या चळती, तेलाचा वास,
ठाक्. ठाक्. ठाक्.
दर ठोक्याला कपातला चहा वर्तुळ काढायचा.
मी चौथ्या स्लाइडवर पोचले, बाजारपेठ,
इतके हजार कोटी, तितक्या वर्षांत.
आलेखाकडे त्यांनी असं पाहिलं
जसं कामगाराच्या रजेच्या अर्जाकडे पाहावं.
"ते ऱ्हाऊ द्या. घाला ते डोक्यावर."

आमच्या जगात तेव्हा पहाट होती.
गोदाकाठ, पायऱ्या, पाण्यावर द्रोणातले दिवे.
त्या पाण्याच्या हलण्यावर सोहेलचे चार महिने गेलेत.
शेठनी पाणी पाहिलंच नाही.
उजवा हात डोळ्यांसमोर धरला
आणि धरूनच ठेवला.

बाहेरून आम्हाला दिसत होता तो:
अंगठा, पहिलं बोट, करंगळी.
मधली दोन एकोणनव्वद साली
पंचवीस टनी प्रेसखाली राहिली,
हे नंतर कळलं.
आत मात्र पाच होती. गुळगुळीत, नखांसकट.
तो हात आम्ही फुकट उतरवून घेतलेला,
येईल त्याला तोच द्यायचा,
कुणाच्या मापाचा हा प्रश्नच पडला नव्हता.

"दिवा उचला ना," सोहेल म्हणाला.
ते वाकले. हात दिव्यापर्यंत गेला.
दिवा उचलला जाईना.
पुन्हा. आणि पुन्हा.
उचलायचं बटण
मधल्या बोटाखाली असतं.

मी लॅपटॉपच्या पडद्यावर बघत होते,
पाच बोटांचा सुंदर हात
दिव्यातून आरपार जाताना.
शॉपमधला ठोका चालूच होता.

हेडसेट काढला तेव्हा कपाळावर लाल वळ.
चष्मा पुसला, सावकाश.
"बोटं चांगली आहेत," म्हणाले.
"कामाची नाहीत."
चहा गार झालेला, तो प्यायले.
"किती मागताय?"
पंचवीस लाख, सात टक्के, मी म्हणाले,
आणि पहिल्यांदा तो आकडा
मला माझ्याच तोंडी परका वाटला.

"एकशे चाळीस माणसं आहेत माझ्याकडं.
अकरा जणांचे हात असे आहेत.
त्यांची मापं घ्या, त्यांचे हात करून आणा.
दिवा उचलू द्या त्यांना.
मग आकड्याचं बोलू."
खण उघडला, व्हर्नियर काढला,
फडक्याने पुसून माझ्या हातात दिला.
"हरवू नका. जपानी आहे."

जिन्यात सोहेल पुटपुटला,
हे रोडमॅपमध्ये नाही गं.
मला माहीत होतं. त्यालाही.
तरी त्यानेच वहीचं कोरं पान काढलं,
वर तारीख घातली.

गेटपाशी वाळू गांगुर्डे उभे होते,
दुसऱ्या पाळीचे, डबा काखेत,
शेठनी फोन केला असावा.
काय करायचंय ते त्यांनी विचारलं नाही.
हात पुढे करण्याआधी
तो पँटला दोनदा पुसला.