ठकीला फिरवताना

कागदावर तिचं नाव इंग्रजी, लांबलचक,
अर्धं बापाचं, अर्धं आईचं.
मला ते एका दमात कधी म्हणता आलेलं नाही.
पागेत ती ठकी.

रात्री साडेअकराला पाहिलं तर
घमेल्यातली चंदी तशीच.
ठकी मान वळवून स्वतःच्याच कुशीकडे बघत होती,
कुणी मागून हाक मारल्यासारखी.
पुढच्या पायानं जमीन उकरली,
गुडघे मोडायला लागली,
मी पोटाला कान लावला.
डावीकडे थोडी गुरगुर.
उजवीकडे काही नाही,
सुट्टीच्या दिवशी गिरणीत असायचं, तसं काही नाही.

डॉक्टर आले. सुई, नळी, तेल.
म्हणाले, लोळू देऊ नकोस, आतडं पिळेल.
जमेल तसं फिरव,
लीद टाकली की फोन कर.
आणि गेले. त्यांनाही घर आहे.

मग आम्ही दोघं वाळूच्या रिंगणात.

हाजीअलीकडून ओहोटीचा वास येत होता.
ती थांबली की मी थांबायचो,
गवताचा बोळा करून कूस चोळायचो,
घामानं आयाळ दोरीसारखी वळली होती.
चल ठके. चल बये. अजून एक.

शाळेत गुरुजी विचारायचे,
भाकरी का करपली? घोडा का अडला?
सगळा वर्ग ओरडायचा: न फिरवल्यामुळे!
तेव्हा मला भाकरी ठाऊक होती,
घोडा नव्हता.

घोडा शिकवला चांदसाहेब नालबंदांनी, सातरस्त्याच्या.
पाय उचलायचा तर आधी खांद्यावर हात ठेव,
मग खाली ने, सावकाश,
परक्याच्या घरी कडी वाजवावी तसा.
ते ओठांत खिळे धरून बोलायचे
म्हणून त्यांचं शहाणपण माझ्याकडे
तुकड्यातुकड्यांनी आलंय.
एकदा म्हणाले, "घोडं दुखतं तेव्हा ओरडत नाही,
ते फक्त..."
आणि पुढचा शब्द खिळ्यांत अडकला.
दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाले, मी असं कुठं बोललो?
वीस वर्षं झाली.
प्रत्येक आजारी जनावरापाशी
मी एकेक शब्द तिथं बसवून बघतो.

दोन वाजता समोरच्या टॉवरात,
बाविसाव्या की तेविसाव्या मजल्यावर,
एकच खिडकी उजळली.
कुणीतरी खांद्यावर मूल घेऊन
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.
ते वळले की आम्ही वळायचो.
त्यांना आम्ही दिसत नसू,
खाली अंधारात एवढं मोठं मैदान
त्यांना बहुतेक तळं वाटत असेल.
त्यांचा दिवा आधी विझला.
मला उगाच हेवा वाटला.

साडेतीनला ती अडली.
लगाम ओढला नाही. ओढायचं नसतं.
खांद्याला खांदा लावून उभा राहिलो,
तिचं वजन थोडं माझ्यावर आलं,
माझं थोडं तिच्यावर.
आणि मग शेपटी उचलली गेली.

सात गोळे.
मी मोजले. उकिडवा बसून, मोबाईलच्या उजेडात,
वाफ निघत होती, तेलाची चकाकी होती,
हातात घेऊन फोडून पाहिलं
आणि एकटाच मोठ्यानं हसलो.
बाजूच्या खणातला कुमैत खिंकाळला,
झोपमोड झाल्याबद्दल.

सहाला मालकांचा फोन.
रविवारी पळेल ना?
म्हटलं, डॉक्टरांना विचारा साहेब.
रात्री काही त्रास?
म्हटलं, थोडा.
बरं, बरं, म्हणाले, दुसरी लाईन आली.

ठकी कोमट पाणी प्यायली, घोट घोट,
कान माझ्याकडे एक, दाराकडे एक.
मी खांद्यावर हात ठेवला, खाली नेला,
एकेक खूर उचलून
रिंगणातली वाळू खरवडून काढली,
चारही पायांची.
माझ्या बुटांतली राहू दिली.