अठ्ठावीस की एकतीस

अर्जावर सही माझीच होती.
चोपडा नगरपालिका, टेबल क्रमांक चार,
कारण: मुळ्या शेजारच्या भिंतीत शिरल्या आहेत.
भिंत पुंडलिकअण्णांची. खरंच तडकली होती,
आत बोट जाईल एवढी.
अण्णा भांडले नाहीत. नुसते रोज सकाळी
त्या फटीत बोट घालून उभे राहायचे.

निंब आम्ही लावलेला नव्हता.
घर बांधताना वाळूचा ढीग पडून होता,
त्यात कुठल्याशा कावळ्यानं टाकलेली निंबोळी.
वाळू संपली, निंब राहिला.
तेजलचा झोका, ह्यांची स्कूटर,
बिबड्यांचा घाटा ढवळताना आम्हा बायकांच्या पाठी,
सगळं मावायचं त्याच्याखाली.
चार वाजता सावली आपण होऊन ओट्यावर यायची,
बोलवावं लागायचं नाही.

गुलशेर तडवी विजेवरची करवत घेऊन आला.
आधी त्यानं पाणी मागितलं.
मी दिलं. गूळही दिला.
अजून कळत नाही, गूळ का दिला.

सीताफळ कुणी तोडलं नाही.
ते निंबाच्या बगलेत वाढलेलं, उन्हाची सवय नसलेलं.
मे महिन्यात पारा सत्तेचाळीसला टेकला
त्या आठवड्यात उभ्याउभ्या जळालं.
पान हातात घेतलं तर पापडासारखं मोडलं.
त्याचा अर्ज कुणीच केला नव्हता.

नंतर मी रडले-बिडले नाही.
फक्त चार वाजले की उठायचे, ओट्यावर जायचे
आणि तापलेल्या फरशीवरून अनवाणी परत यायचे.

एक दिवस कोकिळाबाई पिशवीभर कापूस घेऊन आल्या,
अनेरकाठच्या शेतातला, शेवटच्या वेचणीचा, कवडी झालेला,
व्यापारी हात लावत नाही असला.
"हाताला काम दे," म्हणाल्या, "डोकं मागून येईल."
टकळी ट्रंकेत सापडली, शाळेतली.
सूतकताईत मी काठावर पास व्हायचे.
पहिले आठ दिवस ते सूत नव्हतं, शेवया होत्या.
तुटायचं.
तुटलं की दोन्ही टोकं विसकटायची, थुंकीनं ओली करायची,
एकावर एक धरून पीळ पडू द्यायचा.
गाठ मारायची नाही. गाठ टोचते.
कोकिळाबाईंचं एवढंच मी वहीत लिहून ठेवलंय.

कोपऱ्यात सालीचे ढलपे पडले होते,
बंबात घालायला म्हणून राखलेले.
जुन्या पातेल्यात तुरटी टाकून उकळले, लड्या बुडवल्या.
रंग आला ना लाल ना तपकिरी,
चहा सांडलेल्या धोतरासारखा.
हे म्हणाले, "धुतलं तर जाईल का?"
म्हटलं, बघू.

आता क्रोशाच्या आकड्यानं गोल विणते आहे.
शेजारणी म्हणतात, सावली विणतेय जणू.
नाही हो. पायपुसणं आहे.
मधोमध सहा टाके, मग वेढ्यावर वेढा,
बुंध्याच्या थोटकावर ठेवून मापते.
त्याची वर्तुळं पुसट आहेत. मी मोजली एकतीस,
हे म्हणतात अठ्ठावीस.
एका जागी तीन अगदी चिकटून आहेत,
पाऊस नसलेली वर्षं असतील.
तिथं आलं की माझाही हात आवळतो,
विणीला घडी पडते.
उसवते, सैल विणते. पुन्हा आवळतो.

अण्णांनी भिंत लिंपून घेतली.
परवा कुंपणावरून विचारलं, "कशाचा रंग हा?"
सांगितलं.
बराच वेळ सिमेंटच्या ओल्या पट्ट्याकडे बघत होते.
मग म्हणाले, "मलाही एक कर. मागच्या दाराला."

काल अठ्ठावीस वेढे झाले.
ह्यांच्या हिशेबानं झालं पुरं.
माझ्या हिशेबानं अजून तीन,
आणि रंगवलेलं सूत उरलंय
जेमतेम दोनांपुरतं.