ओहोटीचं रीडिंग

पाली ते चौक रस्त्याने रिक्षा दहा मिनिटांत जाते.
मी किनाऱ्याने जायचो.
साहेबांना सांगायचो, घरं सगळी खालच्या अंगाला आहेत, तिथूनच बरं पडतं.
खरं म्हणजे अंबरनाथच्या माणसाला
पगारात समुद्र मिळतो तो असाच.
गळ्यात मशीन, पँट गुडघ्यापर्यंत
आणि खिशात सुकतीची वेळ,
बस्त्यावने बिडीबंडलाच्या कागदावर लिहून दिलेली.

वलांडीवर बोंबील, जबड्यात जबडा अडकवून
जोडीजोडीने टांगलेले.
भांडतायत की काय, सांगता येत नाही.
खालून जाताना मानेवर एक थेंब पडतो
आणि मग दोन दिवस तो वास
माझ्या आधी घरात शिरतो.

पालीत रेमेत. एकटी. महिन्याला एकवीस युनिट.
चौकात तिची बहीण इजाबेल. एकटी. एकोणीस.
बापाच्या होडीच्या वाटणीवरून
अकरा वर्षं बोलणं नाही.
रात्री एकीच्या ओट्यावरून दुसरीचा दिवा दिसतो.
मधे काळे खडक, कालवांची धार
आणि चुन्याने रंगवलेला एक क्रूस.
तो नेमका कोणाच्या हद्दीत, यावर दोन गावांची दोन मतं.

"तिकडंच चाललास ना?" रेमेत एकदा म्हणाली
आणि हातात स्टीलचा डबा दिला.
कोणी दिला ते बोलू नको म्हणाली.
झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी तिचंच नाव कोरलेलं.

इजाबेलने उघडला, हुंगला,
"मीठ कमी. अजून शिकली नाही."
दुपारी भरती चढल्यावर मी रस्त्याने परत निघालो
तेव्हा डबा घासून, भरून तयार.
रिकामा कसा पाठवायचा?

असं सव्वादोन वर्षं.
वीज कंपनीला याचा पत्ता नव्हता.

मग नवे मीटर आले. आकडे आपले आपण ऑफिसात जातात,
पायांची गरज नाही.
शेवटच्या खेपेचा डबा माझ्याच पिशवीत राहिला.
कोलंबीचं लोणचं होतं.
खोटं कशाला बोलू, आम्ही ते खाल्लं.

तीन महिन्यांनी आज रविवारी आलोय.
डब्यात बायकोने केलेली शेंगदाण्याची चटणी,
गळा मोकळा, त्यामुळे चाल जरा चुकतेय.
आधी चौक. इजाबेलच्या दाराला कुलूप.
ओट्यावर वाळू साचलेली, पायाचा ठसा नाही.
शेजारी विचारायला हवं होतं.
नाही विचारलं. खडक उतरलो.

बस्त्यावचा कागद जुना झाला होता.
क्रूसापाशी पाण्याने गाठलं.
चौथऱ्यावर बसून राहिलो, डबा मांडीवर,
पुढे एक गाव, मागे एक,
आणि पाणी दोन्हीकडून सारखंच येत असलेलं.
एक कुर्ली वर चढून आली, माझ्याकडे बघून
आडवी निघून गेली.

उन्हं उतरली तेव्हा पाली.
रेमेतचं दार लोटलेलं.
हाक मारायच्या आधी सवयीने मान वर गेली.
नवा मीटर, शून्यापासून सुरू झालेला:
एकशे तेवीस.

एकवीस आणि एकोणीस, चाळीस.
चाळीस त्रिक विसासे.
वर तीन.
दिवा उशिरापर्यंत जळत असणार.

आतून आवाज आला, "अगं, किती ओततेस मीठ!"
मी ओट्यावर टेकलो.
मोजे काढले, वाळू झटकली,
आणि डबा जरा वाजवून खाली ठेवला.