कॅन भरताना

खिडकीच्या आत मी, बाहेर नळी.
उणे एकतीस. कोळशाचा धूर असा
की रांगेतला चौथा माणूस
खोकल्यावरूनच ओळखायचा.
उलानबातरची उत्तरेकडची टेकडी, पाणी-टपरी नऊ.
अकरा वर्षं मी इथं
लोकांना पाणी मोजून देते.

मोजून म्हणजे
वीस लिटरमागं अर्धा लिटर कमी.
वाल्व माझ्या हातात, काटा माझ्या बाजूला,
आणि पाणी गोठू नये म्हणून
प्रत्येक कॅनला नमद्याची झूल शिवलेली.
आत किती आलं, कुणाला दिसतंय?
उरलेलं संध्याकाळी गॅरेजवाल्या दोर्जपालमला.
थेंबे थेंबे तळे साचे,
हे मला कुणी शिकवायला नको.

सारूल येते ती फळीला बाबागाडीची चाकं ठोकून,
फळीवर दोन कॅन, मागं धाकटा तेमूलेन,
नाकाखाली शेंबडाचा बर्फ.
नऊ वर्षांची असेल. बूट आईचे, पुढं चिंध्या कोंबलेल्या.
दोनशे मेंढ्या होत्या त्यांच्या.
एका झूदात उभ्या उभ्या गोठल्या.
बाप त्या मोजत राहिला, मग शहरात आला,
मग शहरातूनही पुढं कुठंतरी.

नळी कॅनमध्ये सोडली की ही डोळे मिटते.
मला वाटायचं, झोप झाली नसेल पोरीची.

मग एका मंगळवारी खिडकीवर टकटक.
"मावशी, कॅन पूर्ण गायला नाही."
काय?
"पाणी वर चढतं तसा आवाज बारीक होतो.
हा आमचा कॅन भरला की इथं थांबतो."
आणि तिनं एक सूर लावला,
थंडीत तारेसारखा ताठ.
"तुम्ही इथं थांबवलात."
दुसरा सूर. केसभर खाली.
"शनिवारी पण इथंच. त्याआधी तर आणखी खाली."

रांगेतले सगळे खोकले थांबले.
मी म्हटलं, शिंगं फुटली का गं? चल, पुढच्याला येऊ दे.
ती रडली नाही, भांडली नाही.
गाडी वळवली आणि चढ चढताना
राहिलेला तेवढाच तुकडा गुणगुणत गेली,
खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत,
पुन्हा पुन्हा,
जणू उधारी लक्षात ठेवत होती.

रात्री घरी मी किटली भरली.
दिवा मालवून भरली.
माझी आई, कोकराला जवळ न घेणाऱ्या मेंढीपुढं
तासन्‌तास बसून एकच सूर धरायची,
मेंढीचा श्वास कुठं बदलतो ते ऐकत,
आणि मी तिच्या मांडीशी, तेच ऐकत.
म्हणजे कान मलाही होते.
कधी बुजले, कळलंच नाही.
किटली ओतून जायला लागली तेव्हा भानावर आले.

आता गॅरेजवाला विचारतो, पाणी का नाही?
मी सांगते, गळती होती, काढली.
रांगेला काही बोलले नाही. माफी बिफी मागितली नाही.
फक्त सारूलचा कॅन लागतो तेव्हा
काट्याकडं बघत नाही, तिच्याकडं बघते.
ती डोळे उघडते, मी वाल्व मिटते.
वीस लिटर. थेंबाचा फरक नाही.
हसत नाही कार्टी. झाकण घट्ट करते,
भावाला वर बसवते, निघते.

संगीताची शाळा नदीपलीकडं आहे म्हणे.
दोन बसेस, आणि आत गेल्यावर काय बोलायचं
ते मला ठाऊक नाही.
मी पत्ता लिहून गल्ल्यात ठेवलाय,
नाण्यांच्या खाली. तिला अजून सांगितलेलं नाही.

काल जाताना तीच म्हणाली,
"मावशी, तुमच्या वाल्वचं वॉशर जाणार.
बंद करताना रडतं ते."
आज दुपारी गेलं.